आधी ‘दोब्री देन’, मग बाकीचं

अगं, चाकणहून चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लावला निघालीस म्हणजे गरम कपडे, गोडा मसाला, मेतकूट सगळं नीट भरशीलच. ऑफिसची काळजी नाही. तुमच्या स्कोडा कंपनीचं मूळ त्या गावात १८९५ पासूनचं, पुण्याची माणसं तिथे नवी नाहीत, कामापुरतं इंग्रजीत निभेल. पण बेकरीत, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडच्या बाकावर इंग्रजीचा फार आधार नसतो, आणि गाव आपलंसं होतं ते अशाच ठिकाणी.

आपण अनोळखी माणसाकडे बघून फार तर मान हलवतो. तिथे आत शिरणाऱ्यानं आधी बोलायचं: ‘दोब्री देन’. संध्याकाळी ‘दोब्री वेचेर’. लिफ्टमधल्या परक्या माणसालासुद्धा. गप्प शिरलीस तर तुझा लाजरेपणा कुणाला दिसणार नाही, उर्मटपणाच दिसेल. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर दे.

‘आहोय’ सारखं कानावर पडेल, सोपंही आहे, पण लगेच उचलू नकोस. तो मैत्रीतला शब्द. चेक भाषेतही तू आणि तुम्ही आहे, ‘ति’ आणि ‘वि’. अहो-जाहो सोडायचं कधी, हे वयानं मोठ्या माणसानं किंवा साहेबानं सुचवायचं, आपण नाही. तोवर ‘वि’च. हात मात्र बाईनं पुढे केला तर चालतो, तेव्हा तू बिनधास्त कर, आणि डोळ्यांत बघून दे. खाली बघण्याला तिथे कुणी विनय म्हणत नाही.

नाव सांगताना ‘य्मेनुयि से’ आणि पुढे तुझं नाव. बोलताना पहिला य गळतो, तसंच ऐकशील, तसंच म्हण. मग ‘सेम झ इंदिये’, मी भारतातली. शेवटी ‘त्येशी म्न्ये’, भेटून आनंद झाला. याच अर्थाचं ‘रादा वास पोझ्नावाम्’ही आहे. त्यात पुरुष ‘राद’ म्हणतो, बाई ‘रादा’, म्हणून ते एखाद्या सहकारी बाईकडूनच शीक.

समोरचा कदाचित नुसतं आडनाव सांगेल. तुटक वाटलं तरी मनाला लावून घेऊ नकोस, तिथे दारावरच्या घंटीपाशीही आडनावच लिहिलेलं असतं. नोवाकांची बायको बहुधा नोवाकोवा. तिला ‘पानी नोवाकोवा’ म्हण, नवऱ्याला ‘पाने नोवाकु’. हाक मारताना नाव बदलतं, आपण रामला ‘रामा’ म्हणतो तसं.

निघताना ‘नास्ख्लेदानोउ’. यात जीभ अडखळेल, म्हणून आजपासून स्वयंपाक करताना मोठ्यानं म्हणत जा, आणि रविवारी फोन केलास की मला म्हणून दाखव.