हिरवा चहा : कर्करोग आणि रक्ताची गुठळी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रात नाक खुपसावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण कारण घरातलेच आहे. माझ्या काकांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे. तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून ते रोज वॉर्फरिनची गोळी घेतात. गेल्या वर्षी कुणीतरी त्यांना हिरव्या चहाचा डबा दिला. त्यावर कर्करोगापासून संरक्षण वगैरे छापलेले. काका दिवसाला सात-आठ कप पिऊ लागले, वर पानांची पूडही ताकात घालून घेऊ लागले. पुढच्या रक्ततपासणीत आय.एन.आर.चा आकडा, जो तीनच्या आसपास असायचा, दीडवर आलेला! डॉक्टरांनी विचारले, "खाण्यात काय बदल केलात?" काका म्हणाले, "काही नाही हो, फक्त चहा."

हिरवा चहा आणि आपला नेहमीचा चहा एकाच झुडपाचे. (आमच्याकडे कन्नडमध्येही त्याला 'चहा'च म्हणतात, निदान या शब्दावरून तरी सीमावाद नाही.) पाने खुडल्यावर लगेच वाफ दिली किंवा भाजली, की ती काळी पडत नाहीत व त्यांतील कॅटेचिन द्रव्ये टिकतात. जपानी संशोधिका मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ साली हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे काढले. यांपैकी ई.जी.सी.जी. या द्रव्याचा आज सर्वांत अधिक बोलबाला आहे.

प्रयोगशाळेत हे द्रव्य कर्कपेशींची वाढ रोखते, हे खरे. पण काचेच्या बशीत जेवढे ओतता येते, तेवढे कप रिचवून रक्तात पोचत नाही. जपानच्या मियागी प्रांतात ४०,५३० प्रौढांचा १९९४ पासून अकरा वर्षे मागोवा घेतला गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अधिक चहा पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक नव्हता. त्याच वर्षी इटलीतील एका चाचणीत प्रोस्टेट ग्रंथीत पूर्वलक्षणे असलेल्या तीस जणांना वर्षभर कॅटेचिन दिले, तीस जणांना दिले नाही. पहिल्या गटात एकाला कर्करोग झाला, दुसऱ्यात नऊ जणांना. आकडे बोलके आहेत, पण साठ माणसे म्हणजे आमचा एक वर्गसुद्धा भरत नाही. शिवाय २००९ साली असे दिसून आले की बोर्टेझोमिब या कर्करोगावरील औषधाचा परिणाम ई.जी.सी.जी. प्रयोगांत चक्क रोखून धरते. म्हणजे उपचार चालू असताना औषधाच्या जोडीला म्हणून घ्यावे, तर ते औषधालाच नडायचे.

आता गुठळीचे पाहू. इथे हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. कॅटेचिनमुळे रक्तातील बिंबिका एकमेकींना कमी चिकटतात, असे प्रयोगांत दिसते. म्हणजे रक्त पातळ राहण्याच्या बाजूने जमा. परंतु चहाच्या पानांत के जीवनसत्त्वही भरपूर असते. यकृत रक्त गोठवणारे घटक तयार करते त्याला हे जीवनसत्त्व लागते, आणि वॉर्फरिन नेमकी त्याचीच वाट अडवते. बाहेरून जीवनसत्त्वाची भर पडली की गोळीचा जोर कमी. गाळलेल्या चहात ते फार थोडे उतरते, पूड खाल्ली की सगळे पोटात जाते. १९९९ साली अमेरिकेत नोंदलेल्या एका रुग्णाने रोज अर्धा ते एक गॅलन हिरवा चहा प्यायल्याने त्याचा आय.एन.आर. ३.७९ वरून १.३७ वर घसरला होता.

काकांची पूड बंद झाली. चहा दोन कप, रोज तेवढाच, आणि डॉक्टरांना सांगून. पुढच्या तपासणीत आकडा २.८ आला. उरलेला डबा काकूंनी शेजारी देऊन टाकला. तिथे कुणी रक्ताच्या गोळ्या घेत नाही ना, हे आधी विचारून.