संगणकांतील फाइलींची ने-आण

जाळ्याने जोडलेल्या दोन संगणकांत फाइल पाठविण्यास 'एससीपी' ही एका ओळीची आज्ञा पुरते. मात्र पलीकडील संगणकावर एसएसएच सेवा चालू असावी. प्रथम 'एससीपी', मग फाइलीचे नाव लिहावे. त्यापुढे वापरकर्त्याचे नाव, ॲट चिन्ह, पलीकडील संगणकाचा पत्ता व अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबे, हे सर्व सलग लिहावे.

ही टिंबे राहिल्यास फाइल आपल्याच संगणकावर निराळ्या नावाने उतरते; चुकीची सूचना मिळत नाही. निकालपत्रक पोहोचले असे समजून मी एकदा निश्चिंत झालो होतो! शिवाय पलीकडे त्याच नावाची फाइल असल्यास तिच्या जागी नवी बसते. म्हणून पलीकडे फाइल उघडून पाहिल्यावाचून मूळ प्रत पुसू नये.