आधी सेव्ह, मग स्क्रीनगार्ड

नवा हँडहेल्ड कन्सोल घरी आला की पहिला खर्च ठरलेला असतो. काचेवर स्क्रीनगार्ड, वरून एक कडक कव्हर, आणि दुकानदारानं सुचवलं म्हणून मोठ्या क्षमतेचं मेमरी कार्ड. या तिन्ही गोष्टी घ्यायला माझी ना नाही. पण त्यामागे एक समज असतो की जपायचं ते यंत्र, आणि तो मला पटत नाही. काच फुटली तर बदलून मिळते. बॅटरी बदलता येते. झिजलेली अॅनलॉग स्टिक लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर नवी बसवून देतो. अगदीच गेलं तर पैसे साठवून यंत्रही दुसरं आणता येतं. पैसे टाकूनही परत मिळत नाही ती गोष्ट एकच, आपण महिनोन्‌महिने खेळून पुढे नेलेला सेव्ह. तो गेला की त्या गेममधलं गाव, जमवलेले प्राणी, अर्ध्यावर आलेली कथा, सगळं पुन्हा पहिल्या पायरीपासून. म्हणून नव्या मालकाला माझं सांगणं असं की खोकं उघडल्यावरचा पहिला तास सेव्ह कुठे राहतो हे समजून घेण्यात घालवावा. बाकीचं सगळं त्यानंतर.

हा प्रश्न आजचा नाही. 1989 साली आलेल्या गेम बॉयच्या अनेक कार्ट्रिजमध्ये नाण्याच्या आकाराचा एक छोटा सेल असायचा. सेव्ह ज्या मेमरीत राहायचा तिला सतत वीज लागायची, आणि ती पुरवणं एवढंच त्या सेलचं काम. जपानमध्ये 1996 साली आलेले पहिले पोकेमॉन गेम याच पद्धतीचे. सेल वर्षानुवर्षं टिकायचा, पण कधीतरी संपायचाच, आणि संपला की सेव्हही जायचा. पुढच्या गोल्ड आणि सिल्व्हर या गेममध्ये आत घड्याळही चालायचं, त्यामुळे तिथला सेल आणखी लवकर उतरायचा. बाहेरून कार्ट्रिज अगदी नवं दिसत असताना आतलं सगळं पुसलं गेलेलं असे. तंत्रज्ञान तेव्हापासून पार बदललं. सेव्ह नेमका कशावर टिकून आहे हे मालकाला ठाऊक नसणं मात्र तसंच राहिलं.

सगळ्यात मोठा गैरसमज मेमरी कार्डाचा. निन्टेन्डो स्विच 2017 मध्ये आला तेव्हा त्याच्यात 32 जीबी जागा होती, 2021 च्या ओलेड आवृत्तीत 64 जीबी. आजच्या गेमला ती पुरत नाही, म्हणून लोक कार्ड घालतात आणि मनाशी धरून चालतात की आता सगळं कार्डावर आहे. कार्डावर असतात ते डाउनलोड केलेले गेम, अपडेट, फोटो आणि व्हिडिओ. सेव्ह कायम यंत्राच्या आतल्या मेमरीतच राहतो. तो कार्डावर हलवता येत नाही, त्याची प्रतही तिथे करता येत नाही. गेमचं कार्ट्रिज विकत घेतलं तरी हाच नियम, कारण कार्ट्रिजमध्ये गेम असतो, तुमचा सेव्ह नसतो. याचा उलगडा एकदा झाला की काय घडलं तर काय जाईल हे नीट कळतं. कार्ड खराब झालं तर गेम पुन्हा उतरवून घेता येतात आणि सेव्ह जागच्या जागी सापडतो. यंत्र पाण्यात पडलं तर कार्ड धडधाकट बाहेर निघेल आणि सेव्ह गेलेला असेल. म्हणजे लोक ज्याला तिजोरी समजतात ते फक्त फडताळ आहे. 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 मध्ये आतली जागा 256 जीबी झाली, तरी सेव्हचा नियम बदललेला नाही. त्या यंत्रात गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस जातीचंच कार्ड लागतं, जुन्या स्विचचं चालत नाही, हे मात्र खरेदीआधी ध्यानात असू द्यावं.

यावर लगेच येणारं उत्तर म्हणजे, “आता सगळं क्लाउडवर आपोआप जातं की.” हे अर्धं खरं आहे, आणि घात होतो तो उरलेल्या अर्ध्यात. स्विचवर सेव्हची क्लाउड प्रत सप्टेंबर 2018 पासून मिळते, पण त्यासाठी निन्टेन्डो स्विच ऑनलाइनची वर्गणी भरावी लागते आणि यूजर निन्टेन्डो अकाउंटला जोडलेला असावा लागतो. वर्गणी संपली की प्रत 180 दिवस ठेवली जाते, पुढे तिचा भरवसा नाही. शिवाय प्रत्येक गेमला ही सोय नसते. स्प्लॅटून 2 आणि पोकेमॉनचे स्वोर्ड व शील्ड हे गेम तिच्यातून वगळलेले आहेत. अॅनिमल क्रॉसिंगच्या न्यू होरायझन्समध्ये तर सुरुवातीला काहीच नव्हतं. जुलै 2020 च्या अपडेटनंतर बेटाची प्रत ठेवण्याची वेगळी सोय आली, आणि ती त्या गेममध्येच जाऊन सुरू करावी लागते. तेव्हा अंदाजावर राहू नका. होम स्क्रीनवर गेमच्या चित्रावर थांबून अधिकच्या चिन्हाचं बटण दाबा. उघडणाऱ्या यादीत सेव्ह डेटा क्लाउड असा पर्याय दिसेल, त्यात शेवटची प्रत कधी गेली ते कळतं. प्रत्येक नव्या गेमसाठी हे एकदा पाहावं. प्रत जातच नसेल तर ते निदान आधी कळलेलं असेल, आणि तो कन्सोल चुलतभावाकडे सुट्टीत खेळायला द्यायचा की नाही हे विचार करून ठरवता येईल.

स्टीम डेकची गोष्ट वेगळी, पण धोका तिथेही आहे. 2022 पासून मिळणारं हे यंत्र म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा संगणकच. स्टीमची क्लाउड सोय फुकट आहे, मात्र ती गेमच्या निर्मात्यानं दिलेली असली तरच. गेमच्या पानावर वैशिष्ट्यांच्या यादीत स्टीम क्लाउड लिहिलेलं आहे का, ते विकत घेतानाच बघावं. खरी गडबड होते ती एकच गेम डेकवर आणि घरच्या पीसीवर आलटून पालटून खेळणाऱ्यांची. डेकचं बटण दाबून गेम मध्येच झोपवला जातो. तो बंद झालेला नसतो, त्यामुळे बऱ्याच गेममध्ये ताजा सेव्ह वर गेलेलाच नसतो. मग पीसीवर तोच गेम सुरू केला की जुना सेव्ह उघडतो, त्यावर तासभर खेळणं होतं, आणि पुढे डेक जागा केल्यावर पडद्यावर चौकट येते की क्लाउडवरचा सेव्ह आणि इथला सेव्ह जुळत नाहीत, कुठला ठेवायचा? दोन्हींपुढे तारीख आणि वेळ दिलेली असते. खेळायची घाई असलेला माणूस न वाचता एक दाबतो, आणि दुसरा सेव्ह त्याखाली गाडला जातो. या चौकटीपाशी थांबायचं. वेळ वाचायची, कुठल्या यंत्रावर आपण खरंच पुढे गेलो होतो ते आठवायचं. शंका असेल तर काहीही न निवडता बाहेर पडायचं आणि आधी सेव्हच्या फोल्डरची प्रत काढून ठेवायची. त्याहून सोपा उपाय म्हणजे यंत्र बदलण्याआधी गेममधून रीतसर बाहेर पडण्याची सवय. स्टीमबाहेरून टाकलेल्या गेमना आणि एम्युलेटरवरच्या जुन्या गेमना तर ही सोय आपोआप मिळतच नाही. त्यांचे सेव्ह पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर अधूनमधून हातानं उतरवून ठेवावे लागतात.

घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, “अहो, गेमच तो, गेला तर गेला.” मला हे मान्य नाही. बारा वर्षांच्या मुलानं वर्षभर जे मन लावून उभं केलं ते त्याच्या लेखी खरं काम असतं, आणि ते पुसलं गेल्याचं दुःखही खरंच असतं. चित्रांची वही हरवली तर आपण असं म्हणत नाही. दुसरा आक्षेप वॉरंटीचा. वॉरंटी यंत्राची असते, आतल्या डेटाची नसते. दुरुस्तीला दिलेलं यंत्र पूर्ण पुसून परत येऊ शकतं, कंपन्या तसं आधीच सांगतात. त्यातून निन्टेन्डो आपली यंत्रं भारतात अधिकृतपणे विकत नाही. मुंबईत हिरा पन्नात किंवा पुण्या-नाशिकच्या दुकानांत मिळतात ती बाहेरून आणलेली असतात, त्यामुळे इथे वॉरंटी म्हणजे बहुतेक वेळा त्या दुकानदाराचा शब्द. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी हलका मानत नाही. एकट्याची स्विच ऑनलाइन वर्गणी वर्षाला साधारण 20 डॉलर पडते. ज्यांना ती जड वाटते त्यांनी ऑनलाइन खेळायचं नसेल तर भरू नये, पण मग सेव्हची एकच प्रत जगात आहे हे समजून यंत्र हाताळावं. कुटुंबाची वर्गणी 35 डॉलर असते आणि तीत आठ अकाउंट बसतात. भावंडं, आते-मामे भावंडं मिळून घेतली तर दरडोई खर्च फारच कमी होतो.

सेव्हची प्रत अकाउंटला बांधलेली असते, म्हणून अकाउंट गेलं तर प्रतही गेलीच. 2020 साली निन्टेन्डोची सुमारे 3 लाख अकाउंट परक्यांच्या हाती लागल्याचं कंपनीनंच जाहीर केलं होतं. दोन टप्प्यांची पडताळणी पहिल्याच दिवशी सुरू करावी आणि मिळालेले बॅकअप कोड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवावेत. फोन हरवल्यावर तेच कामाला येतात. दुकानदार “सेटअप करून देतो” म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. अकाउंट तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच पासवर्डनं उघडलेलं असलं पाहिजे. जुना कन्सोल घेत असाल तर पैसे देण्याआधी तो दुकानातच वायफायला जोडून ऑनलाइन दुकान उघडतं का ते पाहा. नकली गेम चालवल्याबद्दल निन्टेन्डोनं बंदी घातलेलं यंत्र ऑनलाइन जातच नाही, आणि वरून पाहून ते कळत नाही.

यंत्राच्या अंगाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. स्विचच्या ओलेड आवृत्तीच्या काचेवर कारखान्यातूनच एक पातळ थर चिकटवलेला असतो. काच फुटलीच तर तिचे तुकडे उडू नयेत म्हणून तो असतो. पॅकिंगचा कागद समजून तो सोलू नका, स्क्रीनगार्ड त्याच्यावरच लावायचा. आणि उन्हाळा सांभाळा. स्विच आणि स्टीम डेक दोन्हींसाठी 35 अंशांपर्यंतचं तापमान योग्य मानलेलं आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा 45 च्या घरात जातो, आणि बंद गाडीत त्याहूनही वर. तिथे विसरलेल्या यंत्राची बॅटरी फुगू शकते. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, सरळ कारागिराकडे न्यावी.

घरात दोन मुलं असतील तर एक काम पहिला गेम सुरू होण्याआधीच उरका. दोघांचे यूजर वेगळे करा. स्विचवर सेव्ह ज्या यूजरचा असतो त्याचाच राहतो, तो नंतर भावाच्या किंवा बहिणीच्या नावावर करता येत नाही. गेम डिलीट केला तरी सेव्ह राहतो, पण यूजर डिलीट केला तर त्याचे सगळे सेव्ह त्याच्यासोबत जातात. हे मुलांना आजच समजावून सांगा.