श्रद्धा, सोबत आणि सावरणे

प्रश्न : स्वतःला इजा करण्याच्या सवयीतून सावरताना प्रार्थना आणि समदुःखींचा गट उपयोगी पडतो का?

उत्तर : पडतो, पण उपचारांच्या जोडीने. इजा करण्याची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि ओसरते. तेवढा वेळ हरिपाठ, जप किंवा नमाज मनाला धरून ठेवू शकतो. मात्र ‘हे पाप आहे’ असे बजावणारी श्रद्धा लाज वाढवते आणि लपवाछपवी सुरू होते. वडीलधाऱ्यांकडून असे बजावणे फार सहज घडते. अमेरिकी मानसतज्ज्ञ मार्शा लिनेहान यांनी तरुणपणी स्वतःला इजा केल्याचे २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. सावरण्यात प्रार्थनेतील अनुभवाचा वाटाही त्यांनी मान्य केला. त्यांच्या उपचारपद्धतीत भावना आवरण्याची कौशल्ये गटातच शिकवतात. गटात जखमांची वर्णने टाळावीत. अशा वर्णनांनी ऊर्मी पुन्हा जागी होऊ शकते. ती आवरेनाशी झाल्यास ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.