चाकणची की बारामतीची?

हुडकेश्वर, नागपूर

चि. बेटा,


मिहानमधली नोकरी पक्की झाली, पुण्याचं बिऱ्हाड आवरून तू पुढच्या महिन्यात घरी येतेस आणि स्वतःच्या पैशानं मोटारसायकल घेतेस, हे ऐकून फार आनंद झाला. तुझ्या आईला धास्ती वाटते ती साहजिक आहे. तिची समजूत मी काढीन. केटीएमची आरसी ३९० घेऊ की एप्रिलियाची आरएस ४५७, एवढंच तू विचारलंस. उत्तर देतो, पण आधी कारणं ऐक, कारण गाडी तुला चालवायची आहे.

दोन्ही गाड्या आपल्याच राज्यात बनतात. केटीएम बजाजच्या चाकणच्या कारखान्यात, एप्रिलिया पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यात. कागदावर पाहिलं तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. वजन एकीचं १७२ किलो, दुसरीचं १७५. ताकद एकीची ४३.५ पीएस, दुसरीची ४७.६. पुढची डिस्क दोघींची ३२० मिलिमीटरची, कॅलिपर दोघींना बायब्रेचे, टायरची मापंही तीच. तेव्हा रात्री जागून व्हिडिओ बघत आकडे ताडून पाहणं आता थांबव. त्यातून निर्णय निघणार नाही.

खरा फरक इंजिनात आहे. आरसीला ३७३ सीसीचा एकच सिलिंडर, आरएसला ४५७ सीसीचे दोन. सिंगल सिलिंडरची ही केटीएम मोकळ्या रस्त्यावर जीव ओतून पळते, पण आरपीएम खाली आले की चेन झटके देते आणि गाडी कुरकुरते. मग हाफ क्लचवर सांभाळत बसावं लागतं. एप्रिलियाच्या दोन सिलिंडरांचा क्रँक २७० अंशांचा आहे, त्यामुळे खालच्या आरपीएमवरही तिची ओढ सलग राहते. आता तुझा रोजचा रस्ता डोळ्यांपुढे आण. हुडकेश्वर रोडवरून मानेवाडा, पुढे बेसा करत वर्धा रोडनं मिहान. सकाळी साडेनऊला शाळेच्या व्हॅन, ऑटो, सिमेंट रोडच्या कडेचे उंचसखल गट्टू आणि दर थोड्या अंतरावर गतिरोधक. पहिला-दुसरा गिअर सोडून तिसऱ्यात जाशील ते क्वचितच. आठवड्याचे पाच दिवस हेच चालणार. उमरेड रोड किंवा रामटेक रविवारी. आणि समृद्धी महामार्गाची स्वप्नं मनातून काढून टाक. तिथं दुचाकीला बंदी आहे.

उन्हाचंही बघ. आपल्या शहरानं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले आहेत. फेअरिंगवाल्या कुठल्याही गाडीचा पंखा सिग्नलवर सुरू झाला की रेडिएटरची गरम हवा थेट मांडीवर येते. या बाबतीत कुणाचंही ऐकू नकोस. टेस्ट राइड संध्याकाळी गारव्यात न घेता दुपारी दोनला घे, जीन्स घालून घे आणि सलग अर्धा तास गर्दीतून फिरव. सीट आरएसची ८०० मिलिमीटर, आरसीची त्याहून थोडी उंच. हे अंतर शोरूमच्या फरशीवर जाणवत नाही. घराच्या गेटपुढचा तो तिरपा रॅम्प आठव. त्यावरून गाडी मागे ढकलत उतरवताना टाच टेकते की नाही, ते महत्त्वाचं.

केटीएमच्या बाजूनंही सांगितलं पाहिजे. वळणात ब्रेक लागला तरी सांभाळून घेणारा कॉर्नरिंग एबीएस तिला आहे, एप्रिलियाला नाही. क्विकशिफ्टर तिला सोबतच मिळतो, एप्रिलियाला वेगळे पैसे मोजून बसवावा लागतो. आणि ती स्वस्त आहे. कुणी सांगेल की कंपनी बुडाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या मूळ कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला होता, हे खरं. पण बजाजनं पैसा ओतून २०२५ मध्ये ती ताब्यात घेतली, आणि तुझी गाडी बनते चाकणला. त्या भीतीनं ती नाकारू नकोस.

किमतीत टॅक्स मोठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे दोन्ही त्यात आल्या. नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा काढावाच लागतो. २०२२ च्या दरपत्रकात या वर्गाला तो १५,११७ रुपये आहे. ऑन-रोड किंमत लेखी माग आणि शोरूमवाला गळ्यात मारेल ती ॲक्सेसरी नाकार. तीस-चाळीस हजार बाजूला ठेवल्याशिवाय बुकिंग करू नकोस. त्यातून आयएसआय मार्कचं चांगलं फुल-फेस हेल्मेट, जाळीचं जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घ्यायचे. यावर मी वाद ऐकणार नाही.

एप्रिलियाची ४७.६ पीएस म्हणजे बरोबर ३५ किलोवॉट. युरोपात ए-टू लायसन्सची मर्यादा तेवढीच आहे. त्याहून मोठी गाडी हाती येण्याआधी तिथल्या पोरांना दोन वर्षं थांबावं लागतं. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचं एक लायसन्स मिळालं की कितीही सीसीची गाडी चालवता येते. तू आजवर स्कूटर चालवलीस. पहिले दोन-तीन महिने ताकद वापरायची नाही, ब्रेक शिकायचा. दोन्ही ब्रेक एकदम आवळून एबीएसचा थरकाप हाताला कळू दे. मोकळं कोरडं डांबर बघून मी तुझ्यासोबत येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शोरूमच्या काचेसमोरून मागच्या वर्कशॉपमध्ये जा. तिथं उभ्या असलेल्या गाड्यांच्या टाकीवर आणि सीटवर किती धूळ आहे ते बघ. पार्टची वाट बघणारी गाडी धुळीवरूनच ओळखू येते. सर्व्हिस ॲडव्हायजरला तीन गोष्टी विचार: क्लच लिव्हर, डावं फेअरिंग पॅनल आणि रेडिएटर नागपुरात मिळायला किती दिवस लागतात? उभी गाडी नुसती कलंडली तरी यातली पहिली दोन आधी मोडतात. दोन्ही कंपन्यांकडे हे विचार आणि तारखेसकट लिहून घे. एप्रिलियाची डीलरशिप केटीएमइतकी पसरलेली नाही, म्हणून तिच्याकडे हे जास्त कसून विचारायचं.

माझं मत एप्रिलियाला. रोजच्या गर्दीत ती तुला कमी दमवेल. पण तिच्या वर्कशॉपनं पार्टला महिना सांगितला, तर मागेपुढे न बघता केटीएम घे.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी फोन कर. येत्या शनिवारी दुपारी मी मोकळा आहे, दोन्हीकडे सोबत जाऊ.

तुझा
मामा