स्नूकरचा हात, पूलचे टेबल

स्नूकर खेळल्याने पूलचा खेळ सुधारतो काय, हा वाद आमच्या वसतिगृहात वरचेवर निघतो. 'निश्चित सुधारतो' असे ठासून सांगणाऱ्यांत मी पहिला. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या पूल संघाच्या निवडीत ५-१ असा हरलो, जागा गेली, आणि मत तपासून पाहणे भाग पडले.

माझे शिक्षण तालुक्याच्या गावी, क्लबातल्या जुन्या स्नूकर टेबलावर झाले. टेबल १२ फूट लांब, चेंडू ५२.५ मिलिमीटरचे आणि खिशांची तोंडे आत गोल वळलेली. नेम केसभर चुकला की चेंडू खिशाच्या ओठाला लागून बाहेर! तेथले मार्कर मामा पहिले दोन महिने मला एकच काम देत. पांढरा चेंडू सरळ मारायचा आणि समोरच्या कुशनला लागून तो परत क्यूच्या टोकाशी आला पाहिजे. "पोरा, आधी उभं राहायला शीक," एवढेच म्हणत. पुढे पूलच्या ९ फुटी टेबलाशी उभा राहिलो तेव्हा ५७.१५ मिलिमीटरचे थोराड चेंडू ऐसपैस खिशांत आपसूक पडू लागले. 'हा तर पोरखेळ', असे मी चारचौघांत बोलूनही बसलो.

निवडीचा सामना 'नाइन बॉल'चा होता. त्यात टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूलाच प्रथम स्पर्श करावा लागतो. स्नूकरमध्ये लाल चेंडू गेला की सहा रंगांतून हवा तो निवडता येतो; येथे निवड नाही. म्हणून पांढरा चेंडू कधी दोन, कधी तीन कुशनांवरून फिरवून नेमक्या बाजूस आणावा लागतो आणि त्यासाठी बाजूची फिरकी लागते. मामांनी तीच मला वर्ज्य केली होती. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. क्यू मध्यापासून डावी-उजवीकडे लागला की पांढरा चेंडू धरलेल्या रेषेवरून किंचित सरकतो. १२ फुटी टेबलावर ते 'किंचित' फार महागात पडते. त्यातून स्नूकरच्या कापडाला लव असते, तीही चेंडूला ओढते. पूलचे कापड बहुधा बिनलवेचे, वेगवान. त्यावर माझा पांढरा चेंडू पाहिजे तिथे कधी थांबलाच नाही. आणि ब्रेक! स्नूकरमध्ये लाल चेंडूंच्या कडेला हळूच स्पर्श करून पांढरा मागे आणायचा. मी इथेही सवयीने तसाच बेताने मारला. प्रतिस्पर्धी चक्क हसला.

मग स्नूकर फुकट गेले काय? ॲलिसन फिशर हिने स्नूकरचे महिला विश्वविजेतेपद सात वेळा मिळवले, १९९५ साली ती अमेरिकेत जाऊन पूलकडे वळली आणि १९९६, १९९७ व १९९८ अशी सलग तीन वर्षे नाइन बॉलची विश्वविजेती ठरली. पण ती पूलचीच होऊन राहिली, हे आम्ही वाद घालताना सोयीस्करपणे विसरतो. स्नूकरचा सहा वेळचा विश्वविजेता स्टीव्ह डेव्हिस मोस्कोनी चषकात युरोपकडून अनेकदा पूल खेळला. पूलचे विश्वविजेतेपद मात्र त्याला लाभले नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर स्नूकरने हात दिला. डोके पूलच्या टेबलावरच तयार करावे लागत आहे. हल्ली आठवड्यात तीन दिवस ब्रेक आणि फिरकी, इतकेच. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामांसमोर चुकून फिरकी मारली. त्यांनी चष्मा पुसला, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "परत मार बघू."