आधी काटा शून्यावर आणा

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीच्या बीटात मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून काम केलं. नव्याने लागलेल्या अंगणवाडी ताईंसाठी हे लिहिते आहे.

१. खरा आकडा सांगणारीला ओरडा बसता कामा नये. २००१च्या सुमारास शेजारच्या वैजापूर तालुक्यातल्या बालमृत्यूंनी सगळे हादरले. तोवर कागदावर तीव्र कुपोषित मूल क्वचितच दिसे. विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी प्रत्येक मुलाचं वजन घ्यायला लावलं आणि आकडे वाढले. मुलं एकाएकी खंगली नव्हती, ती आता कुठे मोजली जात होती. त्याच कामातून २००५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं. आजही एखाद्या अंगणवाडीत सॅमची, म्हणजे तीव्र कुपोषित, मुलं वाढली, तर आधी ताईची पाठ थोपटावी, मग कारणं विचारावीत.

२. वजनाला घाई नको. काटा शून्यावर आहे ना, बघा. वाळे, करदोटा, स्वेटर उतरवा. झोळीतलं मूल पाय झाडत असलं की काटा डोलत राहतो. आईला समोर उभं करा, लेकरू शांत झालं की मगच वाचा. दोन वर्षांखालच्या बाळाची उंची झोपवून घ्यायची आणि दोघींनी मिळून: एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करायचे.

३. दिवाळीनंतर कुपोषण घटलेलं दिसलं की आधी यादी तपासा. कन्नड तालुक्यातली कितीतरी कुटुंबं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात आणि अशक्त लेकरं बरेचदा त्यांचीच. किती मुलांचं वजन झालंच नाही, तो आकडा अहवालात सर्वांत वर हवा.

४. बाहेरच्यांनीही मोजू द्या. २०१२ च्या स्वतंत्र पाहणीत राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा (वयाच्या मानाने कमी उंची) २००५-०६च्या ३९ टक्क्यांवरून २३वर आलेला दिसला. फार मोठी गोष्ट! तरी सगळं श्रेय मिशनला देता येत नाही. त्याच काळात मुलींचं शिक्षण वाढलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. पुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ ला ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ ला ३५.२. वयोगट वेगळा, त्यामुळे आधीच्या आकड्यांशी तुलना नको. पण घट थांबली, हे उघड आहे आणि त्याचा जाब विचारला पाहिजे.

५. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नोंद केली की काम संपत नाही. वाढीच्या तक्त्यावरची रेघ आईला बोट ठेवून दाखवा. ग्रामसभेत मुलांची नावं न घेता गावाचे आकडे वाचा, गेल्या वर्षीचे शेजारी ठेवून, आणि अंगणवाडीला काय हवं ते त्याच बैठकीत ठरावात लिहून घ्या.